मसाईंच्या रानात तंबूचा मुक्काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

केनियातल्या मसाई मारा भागात तंबूच्या कॅम्पवर राहायला जाणाऱ्या वाचकांची पत्रे या महिन्यात मराठवाड्यातून बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांतला गरजेपुरता भाग छापला आहे.

प्रश्न: एजंटने दोन कोटेशन दिली. एक मसाई मारा रिझर्व्हच्या गेटजवळच्या कॅम्पचे, दुसरे कन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पचे आणि जवळपास दुप्पट. "प्राणी तेच, रान तेच" असे तो स्वतःच म्हणतो. मग जास्त पैसे कशाचे? (एक वाचक, जालना)

प्राणी तेच, हे खरे. मध्ये कुंपण नाही, त्यामुळे सिंह आज इकडे तर उद्या तिकडे. रान मात्र एकाच्या मालकीचे नाही, आणि फरक तिथूनच सुरू होतो.

नॅशनल रिझर्व्ह सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे, नारोक काउंटीच्या अखत्यारीतले. कन्झर्व्हन्सी त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून आहेत, आणि ती जमीन मसाई कुटुंबांची खाजगी आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पूर्वी ते गटाच्या नावावरचे मोठे सामाईक कुरण होते. पुढे वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाच्या नावाचा वेगळा सातबारा निघावा तशी कागदपत्रे झाली. वाटणी झाली की बांध पडतो, बांधावर तार येते आणि तार आली की चरणाऱ्या कळपांची वाट बंद होते. हे टाळण्यासाठी शेजारशेजारच्या शेकडो मालकांनी आपापले तुकडे पुन्हा जोडले आणि ती सलग जमीन कॅम्पवाल्यांना ठोक्याने दिली. ओल किन्येई २००५ मध्ये सुरू झाली, मारा नॉर्थ २००९ मध्ये, नाबोइशो २०१० मध्ये. एकट्या नाबोइशोत सुमारे ५०,००० एकर जमीन आणि ५०० हून जास्त मालक आहेत. ठोक्याची रक्कम एकरावर ठरते, सिंह दिसला की नाही यावर नाही. तुमच्या बिलात "कन्झर्व्हन्सी फी" म्हणून दर रात्रीमागे जो आकडा असतो, त्यातून हे भाडे, पहारेकऱ्यांचे पगार आणि रस्ते भागतात. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक थांबले तेव्हा हे करार किती नाजूक आहेत ते दिसले. बऱ्याच ठिकाणी मालकांना भाडे कमी करून घ्यावे लागले.

या पैशात तुम्हाला काय मिळते? गर्दी नाही. एका तंबूमागे किती एकर रान मोकळे हवे याचा नियम असतो, काही कन्झर्व्हन्सींत तो ७०० एकर आहे. एका प्राण्याजवळ साधारण पाचच गाड्या थांबू शकतात. गाइड वाट सोडून गवतात गाडी नेऊ शकतो, अंधार पडल्यावर लाल काचेच्या दिव्याने फेरी होते, हत्यारबंद माणसासोबत पायी फिरता येते. रिझर्व्हमध्ये यातले काहीच चालत नाही, तिथे सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढीच मुभा. शिवाय कन्झर्व्हन्सीत फक्त तिथे मुक्काम असलेल्यांनाच फिरता येते, गेटबाहेर राहून आत येता येत नाही.

एक मेख लक्षात ठेवा. रिझर्व्हच्या पश्चिम भागाला मारा ट्रँगल म्हणतात आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव "मारा कन्झर्व्हन्सी" आहे. पण तो भाग रिझर्व्हचाच, नियम रिझर्व्हचेच. कोटेशनवर नुसते "कन्झर्व्हन्सी" लिहिले असेल तर कोणती, तिचे पूर्ण नाव लेखी मागा. कॅम्प आत आहे की हद्दीबाहेर, तंबू किती, गाडी उघडी लँडक्रूझर की छत वर होणारी व्हॅन, गाडीत किती माणसे आणि प्रत्येकाला खिडकी आहे का, फी धरली आहे की वरून, जवळची धावपट्टी कोणती, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारा. जो एजंट यातल्या निम्म्या प्रश्नांना "सगळं होईल" म्हणतो त्याने कॅम्पशी अजून बोलणेच केलेले नाही, असे समजा.

आणि फिरताना गायी दिसल्या तर फसवणूक झाली असे वाटून घेऊ नका. ठरलेल्या पट्ट्यांत आळीपाळीने चराई चालते, ती करारातच असते. आपले रान गायींसाठी साफ बंद होणार असते तर मसाईंनी सही केलीच नसती.

प्रश्न: स्थलांतर बघायचे तर जुलै-ऑगस्टच का? फेब्रुवारीत स्वस्त मिळतेय. (हिंगोली)

विल्डबीस्ट या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांचे मोठे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, बाकीचे वर्ष टांझानियाच्या सेरेंगेटीत. नदी ओलांडण्याचे दृश्य हेच स्वप्न असेल तर याच महिन्यांत जा. पण त्या जागा मुख्यतः रिझर्व्हमध्ये आहेत, कन्झर्व्हन्सीतून तिथे पोचायला दीड-दोन तास लागू शकतात. त्या दिवसाचे रिझर्व्हचे तिकीट वेगळे पडते. २०२४ पासून परदेशी प्रौढाला ते जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झाले आहे, आणि ते १२ तासांचेच. कळप काठावर येऊन दिवसभर उभा राहतो आणि न उतरताच मागे फिरतो, असेही होते. त्यासाठी किमान दोन दिवस हाताशी ठेवा.

सिंह, चित्ता, हत्ती, बिबट्या यांच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. गवत आखूड, हवा कोरडी, गाड्या कमी. मार्चअखेर ते मे मोठा पाऊस. तिथली काळी माती आपल्या गोदाकाठच्या काळ्या रानासारखीच भिजली की चाक धरते, आणि काही कॅम्प तेव्हा बंदच ठेवतात. या महिन्यांत फार स्वस्त पॅकेज आले तर कारण हेच.

प्रश्न: लसीसाठी मुंबईलाच जावे लागते का? मलेरियाच्या गोळ्या कोणत्या? (परभणी)

पिवळ्या तापाची लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. मुंबईत बंदर आरोग्य संस्थेकडे सोय आहे. वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. एका कुपीतून अनेकांना टोचतात, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच लस देतात. मूळ पासपोर्ट न्या, कारण लस घेतल्याच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे पिवळ्या पुस्तिकेवर, त्याचा नंबर चढतो. तिथून उठण्याआधी नंबर, नाव आणि तारीख तिथेच वाचून पाहा. एका आकड्याची चूक परतताना विमानतळावर महागात पडते.

यात एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. थेट भारतातून येणाऱ्याला केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, केनियातून परतणाऱ्याला भारत मागतो. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि मग जन्मभर चालते. प्रवासाच्या दोन महिने आधी हे उरकून घ्या. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मलेरियाचे औषध डॉक्टरच ठरवतील, पण वेळापत्रक तुम्हाला माहीत हवे. डॉक्सिसायक्लिन असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर परतल्यावर सातच दिवस. डॉक्सिसायक्लिनने उन्हाचा चटका जास्त बसतो. ती पोटभर खाऊन, भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही. घरी आलो म्हणून गोळ्या मध्येच सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "आफ्रिकेत जाऊन आलो" म्हणून सांगा. नाहीतर डेंग्यू, व्हायरल असे म्हणता म्हणता दोन-तीन दिवस जातात, आणि तिकडच्या मलेरियात तेवढा उशीर जिवावर बेतू शकतो.

केनियात प्रवेशासाठी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी लागते, प्रत्येकाची वेगळी, लहान मुलांचीही. फी ३० डॉलर आणि वर थोडा आकार. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता "जीओ डॉट केई" (go.ke) ने संपतो. तसेच दिसणारे, जास्त पैसे घेणारे इतर बरेच आहेत. कॅम्पचे बुकिंग, परतीचे तिकीट आणि सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट तयार ठेवून किमान दोन आठवडे आधी अर्ज करा.

प्रश्न: आम्ही चौदा जण. मुंबई ते नैरोबी विमानात २३ किलोच्या बॅगा चालतात, मग पुढे १५ किलोच का? चिवडा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी न्यायची आहे. (नांदेड)

नैरोबीत मोठ्या विमानतळावर उतरल्यावर मारासाठी विल्सन नावाच्या दुसऱ्या विमानतळावरून छोटे विमान असते, बहुधा बारा-तेरा आसनांचे, एका इंजिनाचे. ते खडीच्या किंवा मातीच्या धावपट्टीवर उतरते. सामान पोटाखालच्या अरुंद कप्प्यात हाताने कोंबतात. म्हणून पिशवी मऊ हवी, कडक कवचाची आणि चाकांची नको. १५ किलोत हातातली बॅगही आली. चौदा जणांनी प्रत्येकी चार किलो जास्त आणले तर ५६ किलो होतात, म्हणजे एका माणसाचे वजन. असे झाले की सामान मागे राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीने येते. जास्तीची बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा. दोन विमानतळांत अंतर थोडे असले तरी नैरोबीची वाहतूक बेभरवशाची आहे. मध्ये किमान चार तास सोडा, किंवा पहिली रात्र नैरोबीतच काढा.

१५ किलोची विभागणी साधारण अशी बसते. पिशवीचे स्वतःचे वजन एक-दीड किलो, कपडे व बूट सहा, कॅमेरा-दुर्बीण तीन, औषधे व सटरफटर दीड, खाऊ दोन. एक किलो मोकळे ठेवा, परतताना मण्यांचे काम घ्यावेसे वाटतेच. कपडे तीन जोड पुरतात, कॅम्पवर बहुधा रोज धुलाई असते. आतले कपडे बरेच कॅम्प धूत नाहीत, त्यासाठी साबणपूड तंबूत ठेवलेली असते. रंग खाकी, मातकट, फिका हिरवा. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर त्सेत्से माशी येते आणि ती जीन्सवरूनही चावते. लष्करी छपाईचे कपडे केनियात नागरिकांनी घालणे गुन्हा आहे, ते अजिबात नेऊ नका.

गरम कपडे विसरू नका. विषुववृत्ताजवळ म्हणजे उकाडा, असे धरून लोक जातात आणि पहिल्याच पहाटे कुडकुडतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, आणि उघड्या गाडीत वारा लागला की परभणीतली डिसेंबरातली पहाट आठवते. कानटोपी, मफलर, वारा अडवणारे जाकीट घ्या. अकरा वाजता हे सगळे काढून टाकाल, म्हणून एकावर एक घालण्यासारखे कपडे घ्या.

आता खाऊ. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ५ जून २०२० पासून संरक्षित वनक्षेत्रांत एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकही चालत नाही. पाण्याच्या बाटल्या त्यातच आल्या. दंड मोठा आहे. ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा उतरण्याआधी रिकामी करा. चिवडा आणि चटणी स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, कपडे कापडी पिशव्यांत, पाण्यासाठी प्रत्येकाची स्टीलची बाटली. ताजी फळे, भाजी, कढीपत्ता, बियाणे आणि दुधाचे पदार्थ घरीच ठेवा. धपाटे दोन-तीन दिवस टिकतील तेवढेच न्या.

आणि हा खाऊ तंबूत ठेवायचा नाही, कॅम्पच्या कचेरीत द्यायचा. याचे कारण पुढे येईलच.

प्रश्न: घरात शुद्ध शाकाहार, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. पाच दिवस निभेल का? (बीड)

निभेल. फक्त पोचल्यावर सांगून उपयोग नाही. कॅम्पचा किराणा नैरोबीहून आठवड्यातून एक-दोनदाच येतो. बुकिंगच्या वेळी कळवा आणि निघण्याच्या दहा दिवस आधी आठवण करा. नुसते "व्हेज" लिहू नका. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा यांपैकी प्रत्येकासमोर चालते की नाही ते लिहा. सूप भाजीचे दिसले तरी त्याचे पाणी कोंबडीचे असू शकते, तेवढे रोज विचारा.

केनियात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या भारतीयांमुळे चपाती आणि चहा तिथल्या स्वयंपाकाचाच भाग झाले आहेत. स्वाहिलीतही शब्द तेच, चपाती आणि चाय. मुगाच्या उसळीला न्देंगू म्हणतात, ती नक्की मागा. सुकुमा विकी ही पालेभाजी आणि उगाली ही मक्याच्या पिठाची घट्ट उकड, दोन्ही आपल्या जिभेला चालतात. आपली ज्वारी मुळात आफ्रिकेतून आलेली, पण कॅम्पवर भाकरी मिळेल असे धरून चालू नका. सासूबाईंसाठी भाजणी किंवा भाजलेला रवा किलोभर सोबत दिलात तर आचारी आनंदाने करून देतात. कृती चार ओळींत इंग्रजीत लिहून द्या.

प्रश्न: आम्ही दोघे ६६ आणि ६२. ह्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू. माझे गुडघे दुखतात. तंबूत जमेल का? (लातूर)

जमेल, पण चार गोष्टी आधी ठरवून घ्या.

पहिली वेळेची. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. घरी रात्री ९ ला घेतलेले इन्सुलिन तिथे साडेसहाला येते, आणि तेव्हा तुम्ही रानात गाडीत असता. वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. दिवसही वेगळा असतो. साडेपाचला चहा-बिस्कीट, सहाला गाडी, न्याहारी नऊ-साडेनऊला रानातच. सकाळचे औषध घेऊन तीन तास उपाशी राहिले तर साखर खाली येते, आणि गाडी सिंहाजवळ उभी असताना गाइड लगेच परत वळवू शकत नाही. उकडलेले अंडे किंवा पोळी-चटणी सहा वाजता मागून घ्या. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, पुडा फोडून ठेवलेल्या. गाइडला पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरी थंडाव्याची. चालू असलेले पेन तिथल्या हवेत सावलीत ठेवले तरी चालते, फ्रिज लागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको. जास्तीची पेने जेवणाच्या तंबूतल्या फ्रिजमध्ये, डब्यावर नाव घालून. गॅस किंवा सोलरवरचे काही फ्रिज रात्री फार गार होतात. डबा बर्फाच्या कप्प्याला टेकला तर इन्सुलिन गोठते, आणि गोठलेले वितळले तरी वापरायचे नाही. डबा रुमालात गुंडाळून मधल्या फळीवर ठेवायला सांगा. प्रवासात सगळे हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, निम्मे तुमच्याकडे आणि निम्मे ह्यांच्याकडे.

तिसरी गुडघ्यांची. सफारीची गाडी उंच असते, पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. कॅम्पकडून लाकडी चौरंग किंवा स्टूल गाडीत ठेवून घ्या. मागची रांग सर्वांत जास्त आपटते, तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी किंवा लगेच मागच्या रांगेत बसा. जेवणाच्या तंबूजवळचा, कमी पायऱ्यांचा तंबू मागा. बाथरूम तंबूला मागून जोडलेले असते, कमोड असतो, तरीही धरायला कठडा आहे का ते विचारून ठेवा. रानात लघवीला जायचे झाल्यास न संकोचता सांगा. गाइड आधी झाडी पाहून येतो आणि गाडीच्या आडोशाला थांबायला सांगतो. हे टाळण्यासाठी दिवसभर पाणी न पिणे हाच खरा धोका.

चौथी, विमा. प्रवासविम्यात जुने आजार धरले आहेत का आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आहे का, ते पॉलिसीत वाचा. नैरोबीच्या विल्सनवरून ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची विमाने चालतात आणि बरेच कॅम्प पाहुण्यांना त्यांचे सदस्यत्व काढून देतात. त्यात नैरोबीपर्यंत पोचवणे आले, रुग्णालयाचे बिल नाही.

प्रश्न: नातवाचे वय सात. नेऊ का? (धाराशिव)

वयाची अट प्रत्येक कॅम्पची वेगळी, बुकिंगआधी विचारा. पायी फेरीला बहुतेक ठिकाणी मोठीच मुले घेतात. सात वर्षांच्या मुलाला चार तासांची फेरी लांब होते, म्हणून स्वतंत्र गाडी घ्या, म्हणजे दोन तासांत परत येता येते. आईवडिलांशिवाय नेत असाल तर दोघांचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हवी.

प्रश्न: कॅम्पला कुंपण नाही म्हणतात. तंबू म्हणजे शेवटी कापडच. रात्री काही आत आले तर? खरं सांगा. (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

कुंपण नसते हे खरे, आणि प्राणी रात्री तंबूंच्या मधून जातात हेही खरे. आता तंबू नीट पाहू.

जाड कॅनव्हासचा, उभे राहता येईल एवढ्या उंचीचा, लाकडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला. आत पलंग, दिवा, लिहायचे टेबल. दाराला दोन पडदे असतात, आतला जाळीचा आणि बाहेरचा कापडाचा, दोन्हींना चेन. प्राण्याला बंद तंबू एखाद्या खडकासारखा अखंड वाटतो. चेन लावलेली असेल तर सिंह किंवा तरस ती फाडून आत येण्याच्या भानगडीत पडत नाहीत. जाळी उघडी ठेवली किंवा आत खाण्याचा वास असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. चिवड्याचा डबा कचेरीत द्या म्हणालो ते यासाठी. रात्री येणाऱ्या सिंहापेक्षा दिवसा येणारी माकडे आणि बबून हीच खरी कटकट. त्यांना चेन उघडता येते. बाहेर पडताना चेनचे दोन्ही सरकते तुकडे अगदी खालच्या कोपऱ्यात आणा आणि तिथली कडी किंवा क्लिप अडकवा. अर्ध्यावर सोडलेली चेन म्हणजे उघडे दार. उघडी पावडर, गोळ्यांची पाकिटे, गोड वासाचा साबण, सगळे ट्रंकेत. बूट बाहेर ओट्यावर ठेवू नका, तरस चामडे चघळायला उचलून नेते. सकाळी बूट झटकूनच घाला. विंचवाची ही सवय मराठवाड्यात शिकवायला नको.

अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत तंबूबाहेर एकट्याने एकही पाऊल टाकायचे नाही. हा नियम मोडल्यावरच अपघात होतात. जेवायला जाताना-येताना अस्कारी, म्हणजे पहारेकरी, बॅटरी घेऊन सोबत येतो. ओट्यावर उभे राहून बॅटरीचा झोत फिरवला की तो येतो. तंबूत शिट्टी किंवा वॉकीटॉकीही असते, ती फक्त खऱ्या अडचणीसाठी. आवाज ऐकू आला म्हणून जाळीतून बॅटरी मारून बघू नका. दचकलेला रेडा किंवा पाणघोडा पळताना वाटेत काय आहे ते पाहत नाही. खरा धोका या दोघांचा, सिंहाचा त्यामानाने कमी.

आवाज ओळखीचे असले की भीती निम्मी होते. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरवर ऐकू येते, पण वाटते की पलंगाशेजारीच आहे. तरसाची हाक खालून वर चढत जाते, "ऊऽऽऊप". पाणघोडा घशातून खदखदून हसल्यासारखा आवाज करतो. झाडावरचा हायरॅक्स हा सशाएवढा प्राणी गळा दाबल्यासारखा किंचाळतो, आणि पहिल्या रात्री सगळ्यांना उठवतो तो हाच. आणि तंबूच्या अगदी कडेला, कापडापलीकडे, कुणीतरी सावकाश काहीतरी ओढून तोडते आहे असा आवाज आला, कच्... कच्... तर तो चरण्याचा आहे. रात्री गोठ्यात बैल कडबा खातो तसाच. झेब्रा असेल, म्हैस असेल, पाणघोडा असेल. दिवा लावू नका. पडून राहा आणि ऐका. दहा-पंधरा मिनिटांत तो पुढे सरकतो.

झोपण्याआधी अंथरुणात पाय घातल्यावर काहीतरी गरम, मऊ लागले तर ओरडू नका. थंडीसाठी ठेवलेली ती गरम पाण्याची रबरी पिशवी असते.

प्रश्न: बादलीचा शॉवर म्हणजे काय? आणि चार्जिंग? (छत्रपती संभाजीनगर)

वेळ सांगितली की माणूस तंबूमागे येऊन हाक देतो आणि साधारण २० लिटर ऊन पाणी कॅनव्हासच्या पिशवीत किंवा बादलीत ओतून कप्पीने वर चढवतो. नळ उघडून अंग ओले करा, बंद करा, साबण लावा, मग उघडा. असे केले तर पाणी उरते. नळ सुरूच ठेवून केस धुवायला घेतले तर फेस डोक्यात असताना बादली संपते. केस धुवायचे असतील तर आधीच दोन बादल्या सांगा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिलेल्या मराठवाड्याला २० लिटरची किंमत सांगायला नको. तिथेही ते पाणी बोअरमधून किंवा टँकरने आलेले असते.

वीज सोलरची, तंबूत दिव्यापुरती. हेअरड्रायर, इस्त्री, किटली लावली की इन्व्हर्टर बसतो आणि शेजारचे तंबूही अंधारात जातात. प्लग जाड चौकोनी तीन पिनांचा, ॲडाप्टर इथूनच न्या. झोपेत सीपॅप मशीन लागत असेल तर रात्रभर वीज मिळेल का हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

कॅमेऱ्यासाठी १०० ते ४०० मिलिमीटरची एकच लेन्स पुरते. धुळीत लेन्स बदलू नका. ट्रायपॉड गाडीत उपयोगाचा नाही. चेन असलेली रिकामी कापडी पिशवी न्या, कॅम्पवर ती तांदळाने किंवा राजम्याने भरून मिळते, दांड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय तो विमानतळावरच काढून घेतात.

प्रश्न: टिप किती द्यायची? मसाई लोकांचे फोटो काढले तर चालतात का? (उदगीर)

गाइडला माणशी दिवसाला १० ते १५ डॉलर आणि बाकी सगळ्यांसाठी कचेरीतल्या पेटीत तेवढेच, शेवटच्या दिवशी एकदम. केनियाचे शिलिंग चालतात. डॉलर २०१३ नंतर छापलेले, न फाटलेले न्या, जुन्या नोटा घेत नाहीत. रुपये उपयोगाचे नाहीत.

फोटो विचारल्याशिवाय नाही, चालत्या गाडीतून तर नाहीच. गावभेटीची रक्कम आधी ठरवा आणि ती कुणाच्या हातात जाते ते विचारा. मण्यांच्या वस्तू बनवणाऱ्या बाईकडूनच घ्या. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका.

गाइड चांगला असेल तर त्याच्या छातीवर केनियाच्या गाइड संघटनेचा ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड बिल्ला दिसेल. लेखी आणि तोंडी परीक्षा देऊनच तो मिळतो, गोल्ड फार थोड्यांकडे. यातले बरेच जण त्याच भागातले मसाई, आणि कधीकधी ज्या माळावर तुमची गाडी उभी असते त्यातला एक तुकडा त्यांच्याच घरचा असतो. प्राणी दिसत नसतील तेव्हा त्यांना गायींबद्दल विचारा. किती आहेत, दुष्काळात कुठे नेता, ठोक्याचे पैसे कधी येतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाने हे विचारले की ते गाडी सावलीला लावून सविस्तर सांगतात.